दोन पुड्या, एकच आतडं

नंदुरबार जिल्ह्यात पांढऱ्या पावडरीची एक पुडी घरोघरी ओळखीची आहे. पावसाळ्यात लेकराला जुलाब लागले, डोळे खोल गेले की आशाताई पिशवीतून ओआरएसची पुडी काढतात, ती एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायला सांगतात आणि चमचा चमचा पाजायला लावतात. धडगावच्या पाड्यावर असो की नवापूरच्या गल्लीत, या पुडीने किती लेकरं हातची जाता जाता वाचली, हे तिथल्या आया सांगतील.

दुसरी एक पांढरी पुडी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, ठरली की ती हातात पडते. तीही पाण्यात विरघळवायची, तीही थोडी थोडी प्यायची. तिच्यातही मीठ आहे, पोटॅशियम आहे. पण पहिली पुडी जुलाब लागलेल्या शरीरात पाणी मुरवते, आणि दुसरी धडधाकट पोटाला तासाभरात जुलाब लावून आतडं आरपार धुऊन काढते. दिसायला सारख्या, कामाला उलट्या. या दोन्ही पुड्यांमागे आतड्याविषयीचं एकच ज्ञान आहे. ते कळलं की तपासणीआधीच्या त्या नकोशा रात्रीकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

आधी आतड्याचा पाण्याचा हिशेब पाहू. दिवसभरात खाण्यापिण्यातून आपल्या पोटात साधारण २ लिटर पाणी जातं. त्यात शरीर स्वतःचं आणखी ७ लिटर ओततं: लाळ, जठरातला आम्लरस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याच्या भिंतीतून पाझरणारा द्रव. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त जेमतेम ५ लिटर असतं आणि आतड्यात रोज ९ लिटर पाणी उतरतं! यातलं बहुतेक पाणी सहाएक मीटर लांबीचं लहान आतडं परत रक्तात घेतं. उरलेलं दीड लिटर मोठ्या आतड्यात येतं. तिथे त्यातलंही शोषलं जातं आणि शौचावाटे बाहेर पडतं ते फक्त १०० ते २०० मिलिलिटर. नऊ लिटर हाताळून पेलाभरही वाया न घालवणारा हा अवयव आहे. गरज पडली तर एकटं मोठं आतडंच दिवसाला ४ ते ५ लिटर पाणी खेचू शकतं.

म्हणूनच नुसतं पाणी पिऊन आतडं धुता येत नाही. चार लिटर साधं पाणी प्यालात तर ते लघवीवाटे निघून जाईल. मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत त्यातलं काही पोहोचणारच नाही, कारण वाटेतच लहान आतडं ते पिऊन टाकेल. आतडं धुवायचं तर आधी त्याच्या या शोषून घेण्याच्या सवयीवर उपाय हवा.

ही सवय चालते कशी? आतड्याच्या भिंतीत पाणी खेचणारा पंप कुठेच नाही. पेशी खेचतात ते मीठ, त्यातलं सोडियम. सोडियम आत गेलं की पाणी आपोआप त्याच्यामागे जातं. आणि सोडियमला आत शिरण्याचा एक खास दरवाजा आहे, जो ग्लुकोज सोबत असेल तरच उघडतो. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग शहरात भरलेल्या परिषदेत ही कल्पना मांडली. पटकी झालेल्या माणसाच्या आतड्यातून पाण्याचे लोट वाहत असतात, तेव्हाही हा दरवाजा शाबूत असतो. १९७१ साली बांगलादेश युद्धात निर्वासितांचे लोंढे भारतात आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातलं. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण, जे ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आशाताईंच्या पिशवीतली पुडी ही तिथून आली आहे. आजच्या ओआरएसच्या लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते प्रमाणही वाटेल तसं ठरलेलं नाही: पुडीतल्या सगळ्या क्षारांतले मिळून सोडियमचे जितके कण, तितकेच ग्लुकोजचे.

आता प्रश्न उलटा करू. पाणी आतड्यात शिरावं, टोकापासून टोकापर्यंत वाहावं, पण भिंतीतून रक्तात जाऊ नये, आणि रक्तातून आतड्यातही येऊ नये. असं पाणी कसं तयार करायचं?

जुनी माणसं पोट साफ करायला एरंडेल घेत. आयुर्वेदातल्या विरेचनातही एरंडाचा मान मोठा. एरंडेलातलं एक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या विशिष्ट जागी जाऊन बसतं आणि त्यांना आकुंचन पावायला लावतं, हे २०१२ साली प्रयोगाने दिसून आलं. त्याने पोटात कळा येतात, पोट हलतं, पण दुर्बिणीला लागते तशी स्वच्छता मिळत नाही. एनिमा खालच्या टोकाने दिला जातो, त्यामुळे तो मोठ्या आतड्याची डावी बाजू धुतो आणि उजवी बाजू तशीच राहते. कोलोनोस्कोपी नवी होती तेव्हा रुग्णाला दोन-तीन दिवस पातळ पदार्थांवर ठेवून वर रेचक आणि एनिमा असा मारा होई. काही ठिकाणी नाकातून नळी घालून कित्येक लिटर मिठाचं पाणी सोडत. त्यातलं बरंचसं पाणी शरीरात मुरे आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला ते जड जाई.

मग मॅनिटॉल आलं. ही साखरेच्या जातीतली वस्तू, पण आतड्यातून शोषली न जाणारी. पाणी धरून ठेवायचं काम तिने चोख केलं. फक्त ती जंतूंना आवडली. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी ती आंबवली आणि त्यातून हायड्रोजन वायू तयार झाला, जो पेट घेतो. आतड्याच्या भिंतीवर वाढलेला मांसाचा कोंब दुर्बिणीतून काढताना विजेच्या तारेचा वापर करतात. १९७९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक भयंकर घटना नोंदवली: मॅनिटॉल दिलेल्या रुग्णाच्या आतड्यात अशी शस्त्रक्रिया चालू असताना स्फोट झाला आणि रुग्ण दगावला.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, अमेरिकेतल्या डॅलस शहरातले डॉ. जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधलं. फोर्डट्रान यांनी आधीची अनेक वर्षं आतडं पाणी आणि क्षार कसं शोषतं याच मोजमापात घालवली होती. आतड्याच्या सगळ्या सवयी ठाऊक असलेल्या माणसाने त्याला चकवणारं पाणी बनवलं.

त्या पाण्यातला मुख्य घटक म्हणजे पॉलिएथिलिन ग्लायकॉल. डॉक्टर त्याला ‘पेग’ म्हणतात. ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची लांबच लांब साखळी. ग्लुकोजच्या रेणूचं वजन १८०, तर या साखळीचं सरासरी ३३५०. एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून जवळजवळ आत जातच नाही, आणि जिवाणूंनाही तो आंबवता येत नाही, त्यामुळे वायूही होत नाही. साखळीतले ऑक्सिजनचे अणू पाण्याला धरून ठेवतात आणि जिथे ही साखळी जाते तिथे पाणी तिच्यासोबत जातं.

पण खरी कमाल आहे ती सोबतच्या क्षारांत. फोर्डट्रान यांनी साध्या मिठाचं प्रमाण कमी ठेवलं आणि सोडियम मुख्यतः सल्फेटच्या रूपात घातलं. सल्फेट आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, आणि ते मागे राहिलं की सोडियमलाही आत शिरणं अवघड होतं. म्हणजे दरवाजा आहे, सोडियमही दारात उभं आहे, पण आत जाता येत नाही. बाकीचे क्षार असे तोलले की रक्त आणि आतड्यातलं पाणी यांच्यात ओढाताण उरू नये. या पाण्याचे चार लिटर पोटातून गेले तरी शरीरात मुरणाऱ्या किंवा शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा फरक अगदी थोडा पडतो. एवढा मोठा लोट आतून वाहून जातो आणि पलीकडे, केसाहून पातळ पेशींच्या थरामागे, रक्ताला त्याचा पत्ताही लागत नाही. मला वैद्यकातल्या मोजक्या देखण्या कल्पनांपैकी ही एक वाटते.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पेगच्या नेहमीच्या पाकिटात १३७ ग्रॅमच्या आसपास पावडर असते आणि ती २ लिटर पाण्यात मिसळायची असते. त्यातले ११८ ग्रॅम पेग, बाकी क्षार. चव खारट आणि तेलकट लागते, म्हणून घरातलं कुणीतरी मायेने म्हणतं, ‘चमचाभर साखर टाकू का?’ टाकू नये. साखर पडली की तो ग्लुकोजचा दरवाजा पुन्हा उघडतो, पाणी शरीरात मुरायला लागतं आणि जी साखर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचेल ती जिवाणूंच्या तोंडी पडून वायू होतो. एका चमच्याने दुसरी पुडी पहिलीच्या वाटेला लागते. चव सोसण्यासाठी पाणी गार करावं, नळीने प्यावं, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला या बेताने संपवावं. इतर कंपन्यांच्या औषधांचं प्रमाण वेगळं असतं. कमी पाण्यात घ्यायची काही औषधं शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतात, त्यामुळे त्यांच्यासोबत वर साधं पाणी भरपूर प्यावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं प्रमाणच खरं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते दुर्बिणीच्या पडद्यावर दिसतं. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी लवचीक दुर्बीण मोठ्या आतड्यात फिरवून पोट न फाडता कोंब काढायला सुरुवात केली. स्वच्छ आतडं आतून पाहणं हा विलक्षण अनुभव असतो. ओलसर, फिकट गुलाबी भिंत, तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या. आडव्या भागात पोहोचलं की पोकळी गोल न राहता तिकोनी होते, कारण आतड्याच्या बाहेरून तीन स्नायूंच्या पट्ट्या धावतात. उजवीकडे अगदी शेवटी, उंडुकात, त्या तिन्ही पट्ट्या एकत्र येतात आणि तिथेच आंत्रपुच्छाचं बारीक तोंड दिसतं. ते दिसलं की डॉक्टरांना खात्री होते, आपण टोकापर्यंत आलो. मग दुर्बीण हळूहळू मागे घेत इंच न् इंच भिंत पाहायची.

शोधायचं काय असतं? मुगाच्या डाळीएवढा एखादा कोंब, कधी त्याहूनही लहान. उजव्या बाजूला तर तो बऱ्याचदा सपाट असतो, भिंतीच्याच रंगाचा. असा कोंब कर्करोगात बदलायला सहसा दहाएक वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत कधीही तो सापडला आणि काढला, तर कर्करोग होण्याआधीच संपतो. पण त्याच्यावर मळाचा पातळ लेप असेल तर दुर्बीण कितीही महागाची असली तरी तो दिसणार नाही. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २००९ साली आतड्याच्या स्वच्छतेला गुण देण्याची पद्धत काढली: उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण नऊ. प्रत्येक भागाला किमान दोन गुण हवेत. नाहीतर तपासणी अपुरी धरतात आणि बऱ्याचदा सगळं पुन्हा करावं लागतं. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे ‘मूळव्याधच असणार’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. विशेषतः पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने तसं करू नये. एकदा आतून पाहून घ्यावं.

तपासणीआधी दोन-तीन दिवस खाण्याला आवर घालायचा असतो, आणि इथे नंदुरबारचं ताट आड येतं. एरवी हे ताट आतड्याचं लाडकं. कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत, तुरीची डाळ, वर ठेचा. यातला चोथा आपण पचवू शकत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू तो खातात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांच्यावर आतड्याच्या भिंतीच्या पेशी जगतात. रोजच्या आयुष्यात हा चोथा हवाच. फक्त या दोन-तीन दिवसांत तो भिंतीला चिकटून दुर्बिणीची नजर अडवतो.

त्यातही मिरचीचं बी. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर हिवाळ्यात लाल गालिचे पसरतात, ते पाहिलेल्याला हे बी वेगळं सांगायला नको. चपटं, पिवळट, तीन-चार मिलिमीटरचं. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. पक्षी ती खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. पोटातून जाताना टिकून राहावं यासाठीच त्या बीचं कवच घडलेलं आहे, आणि ते आपल्या आतड्यातही टिकतं. कोलोनोस्कोपच्या नळीतून घाण ओढून घेण्यासाठी जो मार्ग असतो, तो पावणेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद. एक बी आडवं बसलं की मार्ग तुंबतो. टोमॅटो, पेरू, वांगं, तीळ यांच्या बियांची गतही हीच. म्हणून त्या दिवसांत पांढरा भात, पातळ मऊ खिचडी, दही, साल काढून उकडलेला बटाटा असं साधं जेवण करायचं. आदल्या दिवशी तर फक्त गाळलेलं, आरपार दिसेल असं पातळ: कोरा चहा, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, वरणाचं वरचं निवळ पाणी. कोकम, बीट किंवा कलिंगडाचा लाल रस टाळायचा, कारण दुर्बिणीत तो रक्तासारखा दिसतो.

औषधाचे बहुधा दोन भाग करतात: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार-सहा तास आधी. पहाटे उठून पुन्हा पिण्याचा लोकांना कंटाळा येतो, पण त्यामागे कारण आहे. आपण उपाशी असलो तरी आतडं थांबत नाही. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. तिच्यासोबत पित्त आणि चिकट स्राव मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात येऊन साचतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे ते सपाट कोंब लपतात. संध्याकाळी लख्ख धुतलेली भिंत सकाळपर्यंत पुन्हा माखते. पहाटेचा डोस ती पुन्हा धुतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग हाच पुरावा: आधी गढूळ, मग पिवळट, आणि शेवटी लघवीसारखं स्वच्छ. मधे कुठे थांबलं तर तयारी अर्धवट राहते.

हे शहरातल्या घरात, संडास दोन पावलांवर असताना, जमतं. पण चांदसैली घाट उतरून येणाऱ्या माणसाचं काय? तपासणी नंदुरबारला असो, धुळ्याला असो की रेल्वेने सुरतेला जायचं असो, पहाटेचा डोस आणि एसटीचा प्रवास यांचा मेळ बसत नाही. अशा रुग्णाला आदल्या दिवशीच गावात उतरायला सांगणं, संडास जवळ असेल अशी जागा पाहून देणं, सोबत कुणीतरी ठेवणं, हाही उपचाराचाच भाग आहे.

सातपुड्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते. भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. त्यांनी हा आजार डॉक्टरांना आधी सांगावा आणि त्यांच्या सल्ल्याने पाणी भरपूर ठेवावं. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय पुडी फोडू नये. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या बाया इथे घरोघरी आहेत. लोहाने मळ काळा आणि चिकट होतो, म्हणून त्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवायला सांगतात.

आतडं इतकं धुतल्यावर त्यातल्या जिवाणूंचं काय होतं? ते आपल्या अंगातल्या सगळ्या पेशींच्या संख्येच्या बरोबरीने आहेत, आणि त्यातले बहुसंख्य त्या पाण्यासोबत वाहून जातात. पण सगळे जात नाहीत. भिंतीवरच्या चिकट थरात, तिच्या बारीक खळग्यांत, आंत्रपुच्छात काही तग धरतात. साधारण दोन आठवड्यांत ती वस्ती पुन्हा पहिल्यासारखी भरते. त्यामुळे तपासणीमुळे कायमचं काही बिघडेल ही भीती नको, आणि उगीचच दर महिन्याला पोट धुऊन काढण्याचा नादही नको. ज्याला रोज ९ लिटर पाण्याचा हिशेब जमतो, त्या अवयवाला एरवी आपल्या मदतीची गरज नसते.

कोलोनोस्कोपीचं यंत्र, प्रकाश, कॅमेरा, डॉक्टरांचा हात, हे सगळं दवाखान्यात असतं. पण त्या कॅमेऱ्याला काय दिसणार, हे ठरतं घरी, स्वयंपाकघरात आणि संडासात, रुग्णाच्या हाताने. शेवटचे दोन पेले नकोसे होतात तेव्हा ते का प्यायचे हे ज्याला समजलंय, तो ते पितो. म्हणून छापील सूचनांचा कागद हातात देऊन भागत नाही. तो अहिराणीत, भिलोरीत, पावरीत, मावचीत कुणीतरी समोर बसून सांगायला हवा, आणि मिठासोबत पाणी जातं, साखरेने दरवाजा उघडतो, मिरचीचं बी टिकतं, हेही सांगायला हवं. ओआरएस इथल्या आयांना समजलं, ते असंच कुणीतरी ओट्यावर बसून समजावलं म्हणून. ही दुसरी पुडीही तितक्याच सहज समजण्याजोगी आहे.